बुजरेपणा की नुसतं गप्प राहणं?

सराफेवाली: इथे इंदूरात कोणाकडे हळदीकुंकवाला गेले की घशाला कोरड पडते, त्यात एखादी काकू "काय गं, बोलत का नाहीस" म्हणाली की कान लाल, पण छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत मैत्रिणींसोबत माझं तोंड बंदच होत नाही. हा बुजरेपणाच ना?

पोहे_जिलेबी: हो गं. एकटं राहायला आवडणं वेगळं, बुजऱ्याला बोलायचं असतं पण शब्द फुटत नाही. १९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ झिम्बार्डो यांनी सर्व्हे केला, त्यात साधारण ४० टक्के लोकांनी स्वतःला लाजाळू म्हटलं, म्हणजे हळदीकुंकवाला आलेल्या जवळपास निम्म्या बायकाही मनातून अशाच असतील (हा माझा अंदाज हां).

राजवाडाकर: भीतीपोटी इंटरव्ह्यू, लग्नकार्यं टाळायला लागलीस तर मात्र सोशल अँग्झायटी (लोकांत वावरायची अती भीती) असू शकते, सीबीटीने (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) फरक पडतो, डॉक्टरांना भेट. बाकी त्या काकूंनाच तिळगूळ देऊन गप्प करा!