डिले पेडलवरचे डिजिटल, ॲनालॉग आणि टेप हे आवाज नेमके कशात वेगळे आहेत?

पाचवी तार:

नमस्कार. गेली सहा वर्षे मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते, परंतु आतापर्यंत ओव्हरड्राइव्ह (सूर खरखरीत करणारे पेडल) आणि रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा भास देणारे) यांपलीकडे माझी मजल गेली नव्हती. महिन्यापूर्वी पहिले डिले पेडल, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने प्रतिध्वनीसारखा परत ऐकवणारे यंत्र, घेतले. त्यावर टाइम (प्रतिध्वनी किती वेळाने यावा), फीडबॅक (तो किती वेळा यावा) आणि मिक्स (तो किती मोठा ऐकू यावा) हे नेहमीचे तीन नॉब आहेत, मॉड्युलेशनचा (प्रतिध्वनी किंचित डळमळवणारा) एक लहान नॉब आहे, टॅप टेम्पोसाठी, म्हणजे पायाने ठोके देऊन लय ठरवण्यासाठी, वेगळे फूटस्विच आहे आणि डिजिटल, ॲनालॉग व टेप यांपैकी एक आवाज निवडण्यासाठी बाजूला कळ आहे. रोज रात्री तासभर मी ते घेऊन बसते आणि उठावेसे वाटत नाही. मात्र जे ऐकू येते ते तसे का ऐकू येते, हे मला समजून घ्यायचे आहे.

पहिली शंका या तीन आवाजांविषयी आहे. टाइम साधारण ४०० मिलिसेकंदांवर ठेवून एकच सूर छेडला, तर पहिला प्रतिध्वनी तिन्ही ठिकाणी मला जवळजवळ सारखाच वाटतो. मग ॲनालॉग आणि टेप यांच्याविषयी लोक इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात? दुसरी गोष्ट अशी की प्रतिध्वनी चालू असताना टाइमचा नॉब फिरवला, तर सूर मींडेसारखा वर किंवा खाली सरकत जातो. हा पेडलमधला दोष आहे का? तिसरी अडचण व्यवहारातली आहे. घरी एकटीने वाजवताना जो आवाज भरदार वाटतो, तोच ड्रम आणि बास यांच्यासोबत वाजवताना गढूळ होतो आणि माझी लय सुटते.

तारसप्तक:

तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचे उत्तर कळले की बाकीचे सोपे जाते. पेडलमध्ये दोष मुळीच नाही. डिले पेडल तुम्ही वाजवलेला आवाज काही काळ साठवून ठेवते आणि मग बाहेर सोडते. ज्या वेगाने तो साठवला त्याच वेगाने बाहेर आला, तर सूर जसाच्या तसा राहतो. पण मधल्या काळात तुम्ही टाइम कमी केला, तर आधीच साठवलेला आवाज आता अधिक वेगाने बाहेर पडतो आणि सूर चढतो, टाइम वाढवला की तो उतरतो. काही डिजिटल पेडलांमध्ये हे सरकणे मुद्दाम टाळलेले असते आणि तिथे नॉब फिरवताना आवाज क्षणभर तुटतो. तुमचे पेडल सूर सरकवते, ही मला त्याची जमेची बाजू वाटते, कारण त्यामुळे टाइमचा नॉब हेही एक वाजवण्याचे साधन होते.

आता पहिल्या शंकेविषयी. पहिला प्रतिध्वनी सारखाच वाटतो हे तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि उत्तरही त्यातच आहे. या तीन आवाजांमधला फरक पहिल्या प्रतिध्वनीत थोडा आणि चौथ्या-पाचव्यात पुष्कळ असतो. फीडबॅक म्हणजे बाहेर पडलेला प्रतिध्वनी पुन्हा पेडलच्या तोंडाशी नेऊन सोडणे. त्यामुळे पेडलमधले विद्युत मंडल आवाजावर जो काही संस्कार करते, तो दर फेरीला पुन्हा होतो. एका फेरीत तीव्र कंपने थोडीशी बोथट होत असतील, तर पाच फेऱ्यांनंतर पिकचा टोकदार आघात जवळजवळ पुसला जातो आणि उरतो तो फक्त सुराचा गाभा. डिजिटल आवाजात मात्र पाचवा प्रतिध्वनी पहिल्याइतकाच लखलखीत असतो, केवळ लहान असतो.

हे कानाने पडताळायचे असेल, तर मॉड्युलेशन पूर्ण बंद करा, मिक्स शेवटपर्यंत वाढवा आणि फीडबॅक घड्याळातल्या एकच्या आसपास ठेवा. डाव्या हाताची बोटे तारांवर अलगद टेकवून तारा मुक्या करा आणि पिकने एकदाच ‘टक्’ असा आवाज काढा. कॉर्ड वाजवू नका; कॉर्डमध्ये इतके काही एकदम चाललेले असते की कान भुलतो. मग तो ‘टक्’ विरेपर्यंत हात न लावता ऐका आणि कळ बदलून तेच पुन्हा करा. डिजिटलवर शेवटचा आवाजही ‘टक्’ असाच येईल. ॲनालॉगवर चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत त्याचा ‘टुप्’ आणि मग नुसता ‘थुप्’ होईल. टेपवर तोही बोथट होईल, शिवाय किंचित डळमळेल. ते डळमळणे नीट ऐकायचे असेल तर ‘टक्’ऐवजी एक लांब सूर वापरा.

त्यानंतर फीडबॅक शून्यावर आणून टाइम अगदी कमीतून हळूहळू वाढवत न्या. सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत कान दोन आवाज वेगळे करत नाही, त्याला एकच जाड आवाज ऐकू येतो. ८० ते १२० च्या दरम्यान जो लगटून येणारा एकच प्रतिध्वनी मिळतो, त्याला स्लॅपबॅक म्हणतात, आणि १९५० च्या दशकातल्या रॉकअबिली गिटारचा बराचसा बाज त्यातच आहे. आता पुन्हा अगदी लहान टाइमवर जा आणि फीडबॅक वाढवा, म्हणजे पत्र्याच्या नळीत बोलल्यासारखा नाद येऊ लागेल. याचे कारण साधे आहे: टाइम १० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला शंभर प्रतिध्वनी पडतात आणि कानाला ते शंभर हर्ट्झचा सूर म्हणूनच ऐकू येतात. तुमचा नॉब ९.१ मिलिसेकंदांपर्यंत खाली जात असेल, तर पेडल गिटारच्या मोकळ्या पाचव्या तारेच्या, म्हणजे ११० हर्ट्झच्या सुरात घुमेल. तुम्ही घेतलेले नाव पाहता हे तुम्ही करून पाहावे असे मला मनापासून वाटते.

फीडबॅक शेवटपर्यंत नेताना ॲम्प्लिफायरचा आवाज आधी कमी करा. एका मर्यादेपुढे प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा मोठी होत जाते आणि तारेला हात न लावताही पेडल स्वतःच गर्जू लागते. त्या क्षणी फीडबॅक केसभर मागे घेऊन आवाज ना वाढेल ना विरेल अशा काठावर धरून ठेवता येतो, आणि हा सराव मी कोणत्याही नवीन पेडलवर सर्वांत आधी करतो.

ठेका:

तिसऱ्या अडचणीविषयी लिहितो, कारण त्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. लय सुटण्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की टाइम गाण्याच्या लयीशी जुळवलेला नसतो, आणि वाजवणाऱ्याचे कान ड्रमऐवजी स्वतःच्याच प्रतिध्वनीमागे जातात. हिशेब सोपा आहे. ६०,००० ला बीपीएमने, म्हणजे मिनिटाला पडणाऱ्या मात्रांच्या संख्येने, भागले की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. टॅप टेम्पो हेच गणित तुमच्या पायाकडून करून घेते, म्हणून गाणे सुरू होताना एकदा टॅप करून सोडून देऊ नका. ड्रम वाजवणाऱ्याची लय थोडी पुढेमागे होतेच, तेव्हा कडव्याच्या सुरुवातीला पुन्हा टॅप करा.

मला सर्वांत प्रिय आहे ती पाऊण मात्रा, म्हणजे १२० ला ३७५ मिलिसेकंद. समजा, एका मात्रेचे चार समान भाग केले आणि तुम्ही दर दोन भागांवर एक असे सूर सरळ वाजवत गेलात, तर तुमचे सूर शून्य, दोन, चार, सहा या जागांवर पडतात. पाऊण मात्रा म्हणजे तीन भाग, म्हणून प्रतिध्वनी तीन, पाच, सात, नऊ या जागांवर, अर्थात तुम्ही मोकळ्या सोडलेल्या जागांवरच पडतात. हात निम्मेच सूर वाजवतो आणि कानाला दुप्पट सुरांची सलग माळ ऐकू येते. यासाठी मिक्स असा ठेवावा लागतो की प्रतिध्वनी मूळ सुराच्या जवळपास तेवढाच मोठा असेल, फीडबॅक मात्र एक किंवा दोन प्रतिध्वनींपुरताच हवा. उजव्या हाताची कड ब्रिजजवळ टेकवून सूर आखूड केले, तर ही वीण फार स्वच्छ उमटते.

गढूळपणाचा इलाज वेगळा आहे. घरी प्रतिध्वनी मोकळ्या शांततेत पडतो. तालमीत ती जागा झांजांनी आणि बासने आधीच भरलेली असते. म्हणून मिक्स कमी करा, आणि ॲनालॉग आवाज वापरून पाहा, कारण त्याचे बोथट प्रतिध्वनी तुमच्या नव्या सुराच्या आड येत नाहीत. काही पेडलांवर डकिंग नावाची सोय असते, जिच्यात तुम्ही वाजवत असेपर्यंत प्रतिध्वनी दबून राहतो आणि थांबलात की वर येतो. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या १९८५ च्या २२९० या रॅक यंत्रात ती होती आणि त्याची ख्याती बरीचशी त्यामुळेच झाली. तुमच्या पेडलवर ती दिसत नाही, तेव्हा ओळ संपल्यावर थांबण्याची सवय हातालाच लावावी लागेल.

सोल्डर:

ॲनालॉग आवाज बोथट का होतो, याचे उत्तर त्याच्या चिपमध्ये आहे आणि ते मला फार सुंदर वाटते. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी बकेट ब्रिगेड नावाची रचना तयार केली. आग विझवायला माणसे रांगेत उभी राहून बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विद्युत्भार एका कपॅसिटरमधून (भार साठवणाऱ्या घटकातून) पुढच्या कपॅसिटरमध्ये ओतला जातो, आणि रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत जो वेळ जातो तोच डिले. एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये अशा ४,०९६ पायऱ्या आहेत. बादल्या पुढे सरकवणारा क्लॉक १० किलोहर्ट्झचा असेल, तर २०४.८ मिलिसेकंद मिळतात. याहून लांब डिले हवा असेल तर क्लॉक मंद करावा लागतो, आणि क्लॉक जितका मंद तितकी वरची कंपने नीट पकडता येत नाहीत. १० किलोहर्ट्झच्या क्लॉकवर ५ किलोहर्ट्झच्या पलीकडचे काहीच धड साठवता येत नाही, म्हणून ते फिल्टर लावून आधीच कापले जाते. त्यामुळे अशा पेडलवर टाइम वाढवत नेला की प्रतिध्वनी अधिकाधिक काळोखा होतो. तुमच्या पेडलमधला ॲनालॉग आवाज जर डिजिटल गणिताने घडवलेला असेल, तर टाइम १०० आणि ५०० वर ठेवून तुलना करा. दोन्हीकडे उजळपणा सारखाच असेल, तर निर्मात्याने फक्त ठराविक फिल्टर लावला आहे.

टेपचे डळमळणे यंत्राच्या हालचालीतून येते. १९७४ च्या रोलँड स्पेस एकोमध्ये टेपचे वेटोळे मोटरवर फिरते आणि तीन हेड ते एकापाठोपाठ वाचतात; टाइम बदलायचा तर मोटरचा वेग बदलायचा, म्हणून तिथेही सूर सरकतो. वेग कधीच अगदी स्थिर नसतो आणि टेपवर आवाज जोराने नोंदवला की तो दबून गोलसर होतो. याउलट बॉसचे १९८३ चे डीडी-२ हे छोट्या आकाराचे पहिले डिजिटल डिले पेडल १२ बिटांचे होते आणि ८०० मिलिसेकंदांपर्यंत जात असे. ज्या स्वच्छ प्रतिध्वनीला आज कोणी थंड म्हणते, तो तेव्हा मोठा दिलासा होता.

पाचवी तार:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. ‘टक्’चा प्रयोग आजच केला आणि पाचव्या फेरीला मला अक्षरशः ‘थुप्’ ऐकू आले. टाइम १०० आणि ५०० वर ठेवून तुलनाही केली, तेव्हा माझ्या पेडलचा ॲनालॉग आवाज दोन्हीकडे सारखाच उजळ निघाला. आणखी एक विचारते: पेडल बंद केले की उरलेले प्रतिध्वनी कापल्यासारखे थांबतात, ते विरत जावेत यासाठी काही करता येईल का? आणि ओव्हरड्राइव्ह त्याच्या आधी असावा की नंतर?

तारसप्तक:

ट्रू बायपास असलेले पेडल बंद केले की मूळ संदेश पेडलच्या मंडलाला वळसा घालून जातो आणि डिलेचे मंडल बाहेरच्या जॅकपासून तुटते, म्हणून प्रतिध्वनी कापला जातो. ट्रेल्सची, म्हणजे प्रतिध्वनी विरत जाऊ देण्याची, सोय असलेल्या पेडलमध्ये बायपास बफरचा असतो, तो फक्त आत जाणारा आवाज अडवतो आणि आतले प्रतिध्वनी विरू देतो. अनेक पेडलांत ही निवड आतल्या एका छोट्या स्विचवर किंवा चालू करताना फूटस्विच दाबून धरून करता येते, माहितीपत्रक पाहावे.

ओव्हरड्राइव्ह आधीच ठेवा. तो नंतर आला, तर मूळ सूर आणि सगळे प्रतिध्वनी एकत्र चिरडले जातात, कारण मंद प्रतिध्वनीही त्यात मोठा होऊन मूळ सुराच्या बरोबरीला येतो. ओव्हरड्राइव्ह ॲम्प्लिफायरच्या प्रीॲम्पचा (त्याच्या पहिल्या टप्प्याचा) वापरत असाल, तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये, म्हणजे त्या टप्प्यानंतर पेडल जोडण्यासाठी ॲम्प्लिफायरवर असलेल्या जॅकमध्ये, लावा. स्लॅपबॅकसाठी मात्र मी कधीकधी मुद्दाम उलटे करतो, कारण तिथे तो खडबडीतपणा शोभतो.

पाचवी तार:

काल तालीम झाली. आमचे गाणे ९२ बीपीएमचे आहे, म्हणून ठेका यांच्या हिशेबाने पाऊण मात्रा ४८९ मिलिसेकंदांची निघाली. घरी मी मिक्स निम्म्यावर ठेवत होते; तिथे तो घड्याळातल्या दहाच्याही खाली आणावा लागला, आणि तेवढ्यावर ड्रम वाजवणारा पहिल्यांदाच म्हणाला की आता त्याला माझा हात ऐकू येतो. कडव्यात ॲनालॉग आवाज राहिला. शेवटच्या सुरावर मी फीडबॅक काठापर्यंत नेऊन टाइम हळूहळू कमी केला, तेव्हा सूर चढत गेला आणि झांज विरेपर्यंत मी तो धरून ठेवला. फीडबॅकच्या त्या जागेवर आता मी पांढऱ्या पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली आहे.