मदत हवी आहे : पाचशे रुपयांच्या आतलं थ्रॉटल लॉक कोणतं घ्यावं?

मांजलपूरकर
बडोदा–सुरत, ४८ नंबरचा हायवे. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) सतत पिळून धरावा लागतो, भरूच येईपर्यंत उजवा अंगठा बधिर होतो. म्हणून थ्रॉटल एका जागी धरून ठेवणारं लॉक हवंय. गाडी २२० सीसीची क्रूझर, केबलवाला थ्रॉटल, ग्रिपचा बाहेरचा व्यास ३३ मिमी. मिळतात ते प्रकार तीन: ग्रिपवर बसणारी तळहाताची पट्टी, ग्रिपवर रिंगने बसून ब्रेक लिव्हरवर टेकणारी दांडी, आणि ओ-रिंग (रबरी गोल कडी). कोणता घ्यावा?

रावपुरा_गॅरेज
आधी केबल बघा. ग्रिप पूर्ण फिरवून सोडली की ‘टक्’ आवाज करत जागेवर आली पाहिजे. सावकाश आली, तर केबल सुकली आहे नाहीतर कुठेतरी दाबली गेली आहे. अशा गाडीला लॉक लावूच नका. केबलमध्ये तेल सोडा आणि मोकळा खेळ, म्हणजे केबल ओढली जाण्याआधी ग्रिप रिकामी फिरते ती, मॅन्युअलप्रमाणे ठेवा (साधारण २ ते ३ मिमी). कित्येकदा हात दुखायचं निम्मं कारण हेच असतं.

मग दांडीवाला घ्या. पट्टीने हाताला आराम मिळतो, पण ती लॉक नाही. शिवाय गर्दीत ब्रेक धरताना तळवा तिच्यावर पडला तर गाडी पुढे उसळते. दांडीवाल्याची रिंग ३३ मिमीवर घट्ट बसली पाहिजे, तरी हाताने जोर दिला की सरकली पाहिजे. फोमचं कव्हर असेल तर काढा, त्यावर रिंग पकडत नाही.

दांडी लिव्हरच्या सरळ भागावर, बोटाच्या पेरभर तरी आत टेकवा. वाकलेल्या टोकाशी टेकवलीत तर ती घसरून लिव्हरच्या पुढे अडकते आणि थ्रॉटल उघडाच राहतो. खरा धोका इथे आहे.

दांडियाबाजार
ओ-रिंग सर्वांत स्वस्त, मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) आसपास सीलच्या दुकानात मिळेल. पण ग्रिप आणि बार-एंडच्या (हँडलच्या टोकाच्या) वजनामध्ये फट हवी. २ मिमी फटीला ३ मिमी जाडीची रिंग दाबून बसते. उन्हात रबर मऊ पडलं की पकड बदलते, म्हणून माझं मत दांडीलाच.

मांजलपूरकर
दांडी लावली. मागचा ब्रेक लाइट सतत पेटलेला राहतोय.

रावपुरा_गॅरेज
दांडी लिव्हरला आत ढकलतेय. रिंग ग्रिपवर थोडी फिरवा, दांडी लिव्हरच्या वर नुसती टेकू दे. मग स्टँडवर इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. आयडल (थ्रॉटल न फिरवता इंजिनाचा वेग) चढलं तर केबल ताणली जातेय. शेवटी लॉक लावून हाताने थ्रॉटल बंद करा. दहा वेळा करा, दहाही वेळा एका झटक्यात बंद झाला पाहिजे.

वापर फक्त करजणच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यात. नर्मदेच्या पुलाआधी दांडी वर फिरवून ठेवा. पावसात तर काढूनच टाका, ओल्या ग्रिपवर रिंग केव्हा सरकेल याचा भरवसा नाही.