मदत हवी आहे: परांचीच्या फळ्या पक्क्याही राहाव्यात आणि रोज हलवताही याव्यात, अशा कशा बांधायच्या? (नाशिक)

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळ एका सात मजली इमारतीचं बाहेरचं प्लास्टर चालू आहे. मी तिथे साइट इंजिनिअर आहे, नोकरीला लागून फार काळ झालेला नाही. परांची (बाहेरून काम करायला उभा केलेला सांगाडा) एच-फ्रेमची, म्हणजे इंग्रजी एचच्या आकाराच्या तयार लोखंडी चौकटींची, भाड्याने आणलेली. वरच्या फळ्या मात्र लाकडी आहेत: दहा फूट लांब, नऊ इंच रुंद, दीड इंच जाड. दोन फ्रेममधलं अंतर आठ फूट. मधल्या भागात फळ्या एकमेकींवर चढवून टाकतात, पण इमारतीच्या कोपऱ्याला शेवटच्या फळीचं टोक फूटभर मोकळं बाहेर राहतं.

अडचण अशी आहे. सकाळी मी उभी राहून प्रत्येक फळी काळ्या तारेने आवळून घेते. दुपारपर्यंत निम्म्या तारा कापलेल्या असतात, कारण एक पट्टा प्लास्टर झाला की त्याच फळ्या वरच्या किंवा खालच्या टप्प्यावर न्यायच्या असतात. नव्या जागी फळी नुसती टेकवली जाते. मिस्त्री माणूस चांगला आहे, वीस वर्षांचा हात आहे त्याचा, पण म्हणतो, "मॅडम, बांधत बसलो तर माल वाळून जाईल."

गेल्या आठवड्यात संध्याकाळी वळीव आला. त्या वाऱ्यात पाचव्या मजल्यावरची एक फळी उडून खाली पार्किंगच्या पत्र्यावर पडली. कामाची सुट्टी झाली होती म्हणून खाली कुणी नव्हतं. एरवी त्याच पत्र्याखाली पेठ-सुरगाण्याकडच्या बायका डबे खायला बसतात आणि त्यांची लेकरं खेळत असतात. ठेकेदाराचं म्हणणं, फळी जड असते, असं कधीतरीच होतं. मला ते पटत नाही, पण त्याला समजावायला माझ्याकडे आकडे नाहीत.

तेव्हा बांधायला काय वापरावं, टोक किती बाहेर चालेल, आणि रोज हलवायच्या फळीला कोणती पद्धत टिकते, हे अनुभवी लोकांनी सांगावं. पुस्तकातलं मी वाचलंय. मला साइटवर खरोखर चालतं ते हवंय.

सिन्नरकर

ताई, दोरीचं नंतर बघू. तुमच्या मजकुरात मला दोन गोष्टी दोरीपेक्षा जास्त घाबरवणाऱ्या दिसल्या.

पहिली ते फूटभर मोकळं टोक. हिशोब करून पाहा. दहा फुटी, दीड इंची फळीचं वजन साधारण १५ किलो. तिचं वजन मध्यावर धरायचं, म्हणजे टोकापासून दीड मीटरवर. टोक आधाराच्या बाहेर ३० सेंटिमीटर असेल, तर फळीचा मध्य आधारापासून १.२ मीटर आत येतो, आणि फळी स्वतःच्या वजनाने सावरते ती १५ गुणिले १.२, म्हणजे १८. आता ६५ किलोचा माणूस अगदी टोकावर उभा राहिला, तर उलटवणारा जोर ६५ गुणिले ०.३, म्हणजे १९.५. फळी उलटली. त्याच्या हातात वीस किलोचं भरलेलं घमेलं असेल, तर २२-२३ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत टोकही पुरतं. ठेकेदाराला कागदावर एवढं मांडून दाखवा. यात मत कुणाचंच नाही, नुसती वजनं आहेत.

ब्रिटनमध्ये फळीच्या परांचीसाठी नियम आहे, तो मी आयुष्यभर पाळला: टोक आधाराच्या बाहेर कमीत कमी ५ सेंटिमीटर, जास्तीत जास्त फळीच्या जाडीच्या चौपट. तुमच्या ३८ मिलिमीटर जाडीला चौपट म्हणजे १५ सेंटिमीटर. कोपऱ्यावर दहाऐवजी नऊ फुटी फळी टाका. आठ फुटांच्या अंतरावर दोन्हीकडे सहा-सहा इंच राहील, बरोबर मापात बसतं. फार आखूड टोकही वाईट, हे विसरू नका. फळी जरा सरकली की आधारावरून सुटते.

दुसरी गोष्ट आठ फुटांचा गाळा, म्हणजे दोन फ्रेममधली जागा. ३८ मिलिमीटरच्या फळीला दर दीड मीटरच्या आत आधार लागतो, म्हणजे पाच फुटांच्या आत. तुमची फळी आठ फुटांवर टेकलेली आहे. ती माणसाखाली झोके खात असणार आणि फळी झोके खायला लागली की कितीही आवळलेली तार ढिली होते. दोन्ही फ्रेमना आत-बाहेर एकेक लांब आडवा पाइप कपलरने (पाइप जोडायच्या लोखंडी पकडीने) धरा, आणि त्या दोन पाइपांवर मध्यभागी एक आडवा पाइप कपलरनेच पक्का करा. चार-चार फुटांवर आधार झाला. तो पाइप तारेने लटकवू नका, त्यावर माणसाचं वजन येणार आहे.

अंबड-भाडेवाला

आम्ही परांची भाड्याने देतो म्हणून सांगतो असं समजू नका, पण रोज हलवायच्या कामाला हुकवाली लोखंडी फळीच योग्य. दोन्ही टोकांना हुक असतात, ते फ्रेमच्या आडव्या पाइपवर बसतात, आणि खालून एक खिटी फिरवली की वाऱ्याने उचलली जात नाही. बांधायचं काम नाही, कापायचं काम नाही. फक्त दोन गोष्टी बघा. हुक पाइपच्या मापाचा हवा. ४० एनबी (आतलं नाममात्र माप ४० मिलिमीटर) पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर असतो, त्याच्यासाठी केलेला हुक बारीक पाइपवर खडखडतो. एका गोदामातल्या फ्रेम आणि दुसऱ्या गोदामातल्या फळ्या आल्या की हा घोळ होतोच. आणि खिटी फिरवलेली आहे का, ते खालून नजरेला दिसतं, रोज एक फेरी मारली तरी कळतं. वाकलेला हुक ठोकून सरळ करून वापरू नका, परत पाठवा. चांगला भाडेवाला बदलून देतो.

धागा टाकणारी

सिन्नरकर काका, तो १८ आणि १९.५ चा हिशोब मी वहीत उतरवून ठेकेदाराला दाखवला. पहिल्यांदाच तो गप्प बसून ऐकत होता. कोपऱ्याच्या फळ्या कापायला होकार मिळाला, मधल्या पाइपांनाही.

अंबडचे दादा, सगळ्या इमारतीला लोखंडी फळ्या मालक देणार नाहीत. दोन टप्प्यांपुरत्या मागवता येतील का हे बघतेय. तोवर लाकडी फळ्यांचं काय करू?

प्लास्टर-मिस्त्री पंचवटी

मॅडम, तार का कापतात ते आधी ऐका. प्लास्टरचा ठेका स्क्वेअर फुटावर असतो. फळी बांधायला आणि सोडायला जो वेळ जातो, त्याचा एक रुपया मिळत नाही. माल कालवलेला असतो, तो थांबत नाही. मग माणूस जिथे वेळ वाचेल तिथे वाचवतो. तुम्ही तुमच्या मिस्त्रीला समजावत असाल, पण त्याच्या हिशोबात बांधणं हा तोटा आहे. परांची हलवणं आणि बांधणं ठेक्यातून वेगळं काढा. दोन माणसं रोजावर ठेवा, त्यांचं काम फक्त फळी नेणं, टेकवणं आणि बांधणं. आमच्या गेल्या साइटवर असं केलं, तेव्हापासून कुणी तार कापायला पकड खिशात ठेवत नाही.

आता पद्धत. फळीच्या खालच्या अंगाला, दोन्ही टोकांकडे, आडवी लाकडी पट्टी ठोकायची. दोन इंच बाय एक इंचाची पुरते. ती अशा जागी ठोका की फळी टाकली की पट्टी आधाराच्या पाइपच्या आतल्या बाजूला टेकून बसेल. दोन्ही टोकांना आतून पट्टी आली की फळी लांबीच्या दिशेने इकडेही सरकत नाही, तिकडेही नाही. उचलायची तर सरळ वर उचलता येते, काही कापावं लागत नाही. खिळे एका रेषेत मारू नका, लाकूड फाटतं. खिळ्याचं टोक वर निघालं तर वाकवून लाकडात बुडवा, नाहीतर ते तळपायात जातं. गाळा सगळीकडे सारखा आठ फुटी असेल तरच हे जमतं. फ्रेम वेडीवाकडी उभी केली तर पट्टी पाइपवरच येते आणि फळी डुगडुगते.

पट्टी सरकणं थांबवते, उचलणं नाही. वाऱ्यासाठी बांध लागतोच. प्रत्येक टोकाला दोरीचा एक फेरा फळीवरून आणि पाइपखालून, दोनदा, आणि सुटी गाठ बाहेरच्या बाजूला. गाठ फळीच्या वर नको, पाय अडकतो. काथ्याची दोरी पावसात भिजली की आखडते आणि उन्हात वाळली की सैल पडते, म्हणून मे-जूनमध्ये तिच्यावर भरवसा ठेवू नका. नायलॉनची गुळगुळीत दोरी गाठीतून सरकते, तिला एक जादा गाठ मारावी लागते. शिवाय उन्हात राहून ती कडक आणि पांढुरकी झाली की फेकून द्या. जिथे फळी आठवडाभर हलणार नाही तिथे काळी तारच बरी, पण एकेरी नको. दुहेरी करून दोन फेरे घ्या, पिळा, आणि टोकं खाली वळवा.

हलवताना एक गोष्ट जीव वाचवते. ज्या फळीवर उभे आहात तिच्या शेजारची फळी काढू नका. खालचा टप्पा पूर्ण भरलेला ठेवा, त्यावर उभं राहून, सेफ्टी बेल्ट अडकवून वरच्या फळ्या टाका.

सेफ्टी-सातपूर

पंचवटीच्या दादांनी पैशाचा मुद्दा मांडला ते बरं केलं. आम्ही सेफ्टीवाले तेवढंच विसरतो.

"फळी जड असते" याचं उत्तर देतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. तुमच्या फळीचं क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटर. ताशी ५० किलोमीटरचा झोत खालून आला तर तो तिला साधारण ८ किलोने वर ढकलतो. ताशी ७० किलोमीटर झाला की हाच जोर १५-१६ किलो होतो, म्हणजे फळीच्या वजनाइतका. नाशिकला वळवाच्या आधी जी वावटळ उठते, तिचा झोत इमारतीच्या कोपऱ्यावर आणि बाल्कनीच्या तोंडाशी आणखी जोरात येतो. तुमची फळी का उडाली ते यात आलं. बाहेर हिरवी जाळी लावली असेल तर तो वारा सगळ्या परांचीला ढकलतो, तेव्हा भिंतीला धरणारे बांध मोजून बघा. जाळी लावली पण बांध वाढवले नाहीत, असं मी फार ठिकाणी पाहिलंय.

कायद्याचा आधार हवा असेल तर इमारत बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याखाली (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) १९९८ चे केंद्रीय नियम आले, त्यात परांचीवर वेगळं प्रकरण आहे. फळ्या एकसारख्या मापाच्या आणि बांधून पक्क्या केलेल्या असाव्यात, आणि उलटण्यापासून किंवा उचलली जाण्यापासून रोखल्याशिवाय फळीचं टोक आधाराबाहेर काढू नये, असं त्यात म्हटलंय. एका गाळ्यात एका वेळी दोनपेक्षा जास्त टप्प्यांवर माणसं किंवा माल ठेवायचा नाही, हेही आहे. प्लास्टर उरकायच्या घाईत हा नियम सगळ्यात आधी मोडतो. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २००७ चे. परांचीच्या बांधणीसाठी भारतीय मानक आयएस ३६९६ चा पहिला भाग मागवून घ्या.

फळ्या वर नेण्याआधी एकेक जमिनीवर पालथी करून बघा. आडवी चीर, कडेला गेलेली मोठी गाठ, फाटलेलं टोक, यातलं काही दिसलं की ती फळी बाजूला. सेंट्रिंगमधून (स्लॅबच्या साच्यातून) निघालेल्या, सिमेंट चढलेल्या फळ्या परांचीला नकोत, त्यांच्यात काय दडलंय ते दिसत नाही. त्याच कारणाने फळी रंगवू नका. आणि दोन विटांवर ठेवून तिच्यावर उडी मारून बघायची पद्धत बंद करा. त्या उडीने आतल्या आत तडा जातो, फळी त्या वेळी टिकते आणि वर गेल्यावर तुटते. पाऊस किंवा जोराचा वारा होऊन गेला की काम सुरू व्हायच्या आधी सगळे बांध पुन्हा बघायचे, यात सूट नाही.

त्या डबा खाणाऱ्या बायकांना आजच दुसरी जागा द्या. हे फळ्यांच्या आधी करा. त्यांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी नसेल तर तीही करून द्या. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवसांचं काम, एवढं लागतं.

धागा टाकणारी

जेवणाची जागा मागच्या बाजूला हलवली, वर पत्रा आहे आणि परांचीपासून लांब आहे. नोंदणीचे कागद गोळा करतेय. रोजावरच्या दोन माणसांचं बोलणं ठेकेदाराशी झालं. एक माणूस लगेच मिळाला, दुसऱ्यासाठी तो कुरकुरतोय. एकट्याने दहा फुटी फळी वर चढवणं मला मान्य नाही, म्हणून तिथे अडून बसलेय. पट्ट्या ठोकायला सुतार आलाय. दोन गाळे साडेसात फुटांचे निघाले, तिथे पट्टी पाइपवर येत होती.

एक शेवटचं. भिंत आणि आतली फळी यांच्यात किती जागा ठेवू? मिस्त्रीला थापी फिरवायला दीड-दोन फूट हवेत, मला ती फट मोठी वाटते.

प्लास्टर-मिस्त्री पंचवटी

दोन फूट अजिबात नको, त्यातून माणूस जातो. अमेरिकेच्या नियमातही प्लास्टरच्या कामाला जास्तीत जास्त १८ इंच म्हटलंय, पण मी फुटाच्या वर जात नाही. थापी फुटाच्या आत आरामात फिरते, सवयीचा प्रश्न आहे. बाल्कनी आत गेलेली असेल तिथे फट मोठी होते, तिथे आतल्या बाजूलाही कठड्याचा पाइप लावा. साडेसात फुटी गाळ्याच्या फळ्यांना वेगळी खूण करा, टोकाला लाल चिंधी बांधली तरी चालेल, नाहीतर त्या आठ फुटी गाळ्यात जातील आणि पट्टी आधाराला टेकणार नाही.

धागा टाकणारी

चिंध्या बांधल्या. दुसऱ्या माणसाचंही ठरलं, सोमवारपासून येतोय.