निळ्या टिका तेवढ्या आल्या
उमेदवारच दोन-दोन ऑफर खिशात ठेवून जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करतात, मग उमेदवारांना उत्तरच न देणाऱ्या कंपन्यांनाच का नावं ठेवायची, असं नोकरभरतीच्या या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. होतं तसं, नाकारत नाही. पण राजीनामा दिल्यावरही जुन्या नोकरीत थांबायचा ९० दिवसांचा नोटिस पिरियड उमेदवारांनी लावला का? तीन महिने ताटकळणारा माणूस दुसरीकडे बघणारच.

माझंच सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीने 'छोटीशी असाइनमेंट' दिली. शनिवार-रविवार घालवून अख्खा डॅशबोर्ड करून पाठवला. नंतर फोन नाही, मेल नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या टिका तेवढ्या आल्या. दोन महिन्यांनी तीच जागा पोर्टलवर पुन्हा 'अर्जंट' म्हणून झळकली! त्याआधी, इंटरव्ह्यू व्हायच्या आतच, सॅलरी स्लिपा आणि पॅन कार्ड मागून घेतलं होतं (मीही बावळटासारखं दिलं). वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ सालीच संमत झालाय, पण माझे कागद कुठल्या एक्सेलमध्ये पडलेत कोण जाणे.

आणि नोकरी देतो, आधी 'लॅपटॉपचं डिपॉझिट भरा' म्हणणारे तर सरळ भामटे. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) फोन लावा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकलेली असते.