एक्स-रे चांगला, तरी गुडघ्यात करंट

ताई, गुडघा बदलून वर्ष झालं, एक्स-रे ठीक, तरी साडीचा काठ लागला की करंट बसतो, असं तुम्ही लिहिलंत. आमच्या आईचंही हेच. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरची हवासुद्धा सोसत नसे. धंतोलीतल्या डॉक्टरांनी व्रणाच्या शेजारी, गुडघ्याच्या आतल्या अंगाला बोटाने टकटक केलं. एका ठिकाणी ती ओरडलीच! गुडघा बदलताना चीर देतात, तेव्हा सॅफेनस नसेची (स्पर्श कळवणारी नस, रक्ताची नव्हे) बारीक फांदी कापली जाते. बहुतेकांना नुसता बधिरपणा राहतो, काहींना तुटल्या टोकाशी गाठ होते. आधी इन्फेक्शन आणि सांधा ढिला नाही ना, हे तपासून घ्या. मग तिथे भुलीचं इंजेक्शन. दुखणं तेवढ्यापुरतं थांबलं, तरच ऑपरेशनचा विचार: गाठ काढून नसेचं टोक स्नायूत दडवतात. बधिरपणा मात्र राहतो. आईचं गॅबापेन्टिनवरच (नसांच्या दुखण्याचं औषध) भागलं. झोप भयंकर यायची, बाप्पा.