एमजीबी जीटी की डॅटसन २४०झेड: सांगलीत कुठली सांभाळता येईल?

कृष्णाकाठ:
दोन्ही उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या बघायला जायचंय, १९६६ची एमजीबी जीटी आणि १९७२ची डॅटसन २४०झेड. गाडी सांगलीत राहणार, अधूनमधून सातारा-कास. वेग आणि किंमत बाजूला ठेवा. पार्ट, मिस्त्री आणि पत्रा, एवढ्यावर सांगा.

टॅपेटवाला:
मिस्त्रीचा विचार केला तर एमजीबी. तिचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्याच घराण्यातलं. पार्ट सरसकट बसणार नाहीत, पण पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) आणि बिडाचं हेड जुन्या मिस्त्रींच्या हातातलं आहे. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.०१५ इंच, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. एसयू कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या डब्यात) २० ग्रेडचं ऑइल, पिस्टनच्या पोकळ दांडीच्या वर अर्धा इंच. ते आटलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गुदमरते. नटबोल्ट इंची आहेत, मिलिमीटरचे पाने लावले की कोपरे गेलेच. पुढच्या किंगपिनला (ज्यांवर चाकं वळतात ते उभे दांडे) दर ५,००० किमीला ग्रीस. तरी झिजले, तर बुश कुपवाड एमआयडीसीत लेथवर होतील.

१९६६ची म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ, बॅटरीचं + टोक बॉडीला जोडलेलं. आधी कुणी बदललंय का बघा, नाहीतर साधा मोबाइल चार्जरही जळेल. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअरचा वेग जुळवणारी कडी) नाही, घाटात चालत्या गाडीत टाकलात तर दात खाईल.

घाटमाथा:
मिस्त्रीचं पटलं. पण यवतेश्वरच्या वळणांवर एमजीबीचा मागचा पाट्यांवरचा सरळ ॲक्सल खड्ड्यात उडतो. २४०झेडच्या चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, इंजिन २३९३ सीसी, सहा सिलिंडर एका रांगेत. शिवाय सगळं मिलिमीटरमध्ये. टॅपेट थंड इंजिनवर इनलेट ०.२०, एक्झॉस्ट ०.२५ मिमी.

हेड काढायचं असेल तर आधी टायमिंग चेनमध्ये लाकडी पाचर ठोका. पाचर नसली की चेन ताणून धरणारा टेन्शनर बाहेर येतो आणि पुढचं अख्खं कव्हर उघडावं लागतं. नवख्या गॅरेजमध्ये हे हमखास होतं. मागचं चाक धरणाऱ्या आर्मची स्पिंडल पिन गंजून अडकते. हातोडा मारला की आटे चेपतात, गरम करून प्रेसनेच काढायची. हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो, रिले (जास्त करंट झेलणारा वेगळा स्विच) टाकून घ्या.

पत्राकाम:
इंजिनावर एवढं बोललात, पण गाडी ठरते ती पत्र्यावर. एमजीबीला वेगळी चासी नाही. दाराखालचे सिल (पत्र्याचे पोकळ पट्टे) आणि त्यांच्या आतली कॅसल रेल कुजली की बॉडी मधोमध बसते. वरून पुट्टी किंवा नवा पत्रा मारून झाकलेलं असतं, म्हणून लोहचुंबक फिरवा (पुट्टीवर तो चिकटत नाही) आणि पुढच्या बाजूला जॅक लावून दार उघडून बघा. दार अडकलं, तर गाडी सोडा. सिल बदलताना दाराच्या चौकटीत आडवी पट्टी वेल्ड करून मगच जुना पत्रा कापायचा.

डॅटसनचा पत्रा मुळातच पातळ. बॅटरी ट्रे, त्याखालची रेल आणि काचेखालच्या पाण्याच्या वाटा तपासा. मागचं झाकण नि दिव्यांचे रबर गेले असतील तर सायलेन्सरचा धूर आत येतो. दोन्हीपैकी कुठलीही २०१९ किंवा २०२१च्या पुरात उभी होती का, हे आधी विचारा.

मला विचाराल तर पत्रा सारखाच असेल तेव्हा एमजीबी. पण डॅटसन कोरडी निघाली आणि एमजीबीचं दार अडकलं, तर डॅटसनच, प्रश्नच नाही.

टॅपेटवाला:
राहिलंच: कुठलीही घ्या, ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप फुगतात. पहिल्याच दिवशी टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत इथेनॉल सोसणारे पाइप बदला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरमधले पेट्रोल साठणारे फ्लोट चेंबर रिकामे करा.