मदत हवी आहे: पथारीवरच्या मिरचीचा लाल घरच्या प्रिंटमध्ये विटकरी येतोय

राम राम मंडळी. मी नंदुरबारचा. हिवाळ्यात आमच्या शहराभोवती मिरचीच्या पथाऱ्या लागतात. ओली लाल मिरची लांबच लांब उन्हात पसरलेली असते आणि बाया दिवसभर ती खालीवर करतात, निवडतात. तिथे काढलेले फोटो मला त्याच बायांना छापून द्यायचे आहेत. बाहेर प्रिंट काढले तर चेहरे आपोआप उजळून येतात, ते मला अजिबात नको. उन्हात राबणाऱ्या बाईचा सावळा रंग फोटोतही सावळाच दिसला पाहिजे. म्हणून घरी छापतोय.

अडचण अशी की लॅपटॉपवर झकास दिसणारा फोटो कागदावर काळपट उतरतो. चेहऱ्यांवर गुलाबी झाक येते. मिरची विटकरी होते, आणि ढिगातली एकेक मिरची वेगळी न दिसता नुसता लाल पट्टा दिसतो.

प्रिंटर चार शाईटाक्यांचा, शाई मूळ कंपनीची, कागद ग्लॉसी पण दुसऱ्या कंपनीचा. नोझल चेक (शाईची छिद्रं तपासणारी छपाई) स्वच्छ येतो. रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) आहेत. छापताना रंगांचा ताबा फोटोशॉपकडे दिलाय, प्रिंटरचा ड्रायव्हर (लॅपटॉपवरून प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) आला तसाच आहे. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्यावा की सहा शाईंचा प्रिंटर? दोन्ही एकदम परवडणार नाहीत. हंगाम संपायच्या आत फोटो त्यांच्या हातात पडावेत अशी फार इच्छा आहे.

प्रतिसाद, जळगावहून

भाऊ, लगेच काही विकत घेऊ नका.

गुलाबी झाक बहुधा दुहेरी रंगदुरुस्तीची आहे. फोटोशॉप कागदाच्या प्रोफाइलप्रमाणे (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) रंग बदलून पाठवतो, त्यावर ड्रायव्हर पुन्हा आपली दुरुस्ती चढवतो. ड्रायव्हरमधली रंगदुरुस्ती पूर्ण बंद करा. तसा पर्यायच नसेल तर फोटो एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत बदलून रंगांचा ताबा प्रिंटरकडे द्या. दोघांपैकी एकानेच काम करायचं.

काळपटपणा स्क्रीनच्या जास्त उजेडामुळे वाटतो. छपाईसाठी स्क्रीन साधारण ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटर (उजेडाचं माप) ठेवतात. मीटर नसेल तर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी फोटोचा कोरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत उजेड कमी करा. नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद ठेवा.

मिरची मात्र खरोखर अवघड. स्क्रीन लाल रंग उजेडातून दाखवते, प्रिंटर तो मॅजेंटा आणि पिवळ्या शाईतून बनवतो. काही भडक लाल त्या शाईंच्या आवाक्यातच नसतात. शिवाय फोटोतल्या लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलांपैकी भर उन्हात लाल एकटाच फुटतो, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन अडकतो. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसला तरी लालमधले बारकावे गेलेले असतात, म्हणून तुम्हाला पट्टा दिसतो. रॉमध्ये एक्सपोजर थोडं उतरवा, फक्त लालचं सॅच्युरेशन (भडकपणा) कमी करा आणि सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर कसं दिसेल याचा स्क्रीनवरचा अंदाज) लावून बघा. आवाक्याबाहेरचे भाग तिथे वेगळे दाखवता येतात. लाल जरा कमी भडक झाला तरी चालेल, मिरचीवरच्या सुरकुत्या आणि सावल्या परत आल्या पाहिजेत.

प्रोफाइल हे प्रिंटर, शाई आणि कागद या तिघांचं मिळून असतं. तुमच्या कागदाची कंपनी ते देत नसेल तर प्रिंटर कंपनीच्याच कागदाचं एक पाकीट आणा आणि ड्रायव्हरमध्ये नेमका तोच कागद निवडा. प्रिंट एक दिवस वाळू द्या, मगच ओसरीत दिवसाच्या उजेडात बघा. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली सावळ्या रंगाचा निवाडा करू नका.

कॅलिब्रेटर स्क्रीन सुधारतो, प्रिंटर नाही. सहा शाईंमध्ये फिकट निळी आणि फिकट मॅजेंटा वाढते. त्याने त्वचेच्या छटा मऊ येतात, भडक लालला फारसा फरक पडत नाही.

धागाकर्ता

दादा, फार आभार. ड्रायव्हरची दुरुस्ती बंद केली आणि झाक गेली! चेहरे आता खरे दिसतात. मिरचीही सुटी दिसायला लागली, पण रेंडरिंग इंटेंट (आवाक्याबाहेरचे रंग कसे बसवायचे ती पद्धत) पर्सेप्च्युअल ठेवू की रिलेटिव्ह?

प्रतिसाद, जळगावहून

मिरचीच्या ढिगाला आधी पर्सेप्च्युअल. तो आवाक्याबाहेरचे लाल दाबताना त्यांच्यातला फरक राखायचा प्रयत्न करतो. चेहऱ्याच्या जवळच्या फोटोंना रिलेटिव्ह, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (फोटोतला काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवणं) चालू ठेवून. एकाच कागदावर दोन्हींचे छोटे तुकडे छापा आणि पथारीवर नेऊन खऱ्या मिरचीशेजारी धरून बघा.